जुनं, मुरलेलं लाकूड

मंठा, ३ ऑगस्ट १९३६

प्रिय कडूबा,

तुमच्या एकुलत्या एक दाजींचा रामराम. तुमच्या आक्का हैदराबादेला गेल्या आहेत, माझ्या वहिनीच्या बाळंतपणाला. घरात मी, स्टोव्ह आणि शाळेच्या वह्या. भाकरी मला थापता येत नाही, म्हणून खिचडीवर दिवस काढतो आहे. आक्कांना लिहिताना मात्र 'मजेत आहे' असंच लिहितो.

महत्त्वाची बातमी ही की मी सुतारकाम शिकतो आहे. हसू नका. गेल्या महिन्यात शाळा तपासायला औरंगाबादेहून साहेब आले होते. त्यांच्या तोंडात लाकडी पाइप. आपल्या चिलमीसारखाच प्रकार, पण आडवा, आणि ओढताना दोन्ही हात लागत नाहीत. कुणी काही विचारलं की साहेब आधी दोन झुरके घ्यायचे आणि तेवढ्यात विचारणाऱ्यालाच आपलं काहीतरी चुकलं असं वाटू लागायचं. मला ती चीज फार आवडली. विकत कुठं मिळणार? म्हटलं, आपणच करू.

पहिला पाइप कुंपणाच्या बाभळीचा. झुरका घ्यायच्या आधीच उभा चिरला. दुसरा लिंबाचा. तापलेल्या तारेनं नळीचं भोक पाडत होतो, ते वाटेत वळलं आणि पाइपाच्या पोटातून बाहेर आलं. तिसरा कसाबसा पेटला, पण तंबाखूच्या आधी पाइपानंच पेट घेतला. मच्छिंद्र सुतारानं मला गिरमिट आणि पटाशी उसनी दिली आहे. तो म्हणाला, "मास्तर, वलं लाकूड चुलीला चालत न्हाई, तुमाला कसं चालंल? जुनं बघा. मुरलेलं. चार पिढ्यांचा हात लागलेलं."

तुमच्याकडे असं काही पडलेलं असेल तर पाठवा. आणि हे आक्कांना कळू देऊ नका. तंबाखूच्या वासानंच त्यांना मळमळतं.

आईंना साष्टांग नमस्कार. तुमच्या सौ. आसराबाई कशा आहेत? यंदा पहिल्यांदाच पेरणीची मूठ त्यांच्या हाती जाणार होती ना? कशी उगवली त्यांच्या हातची ज्वारी?

तुमचा,
रामकिसन


वाटूर, १२ ऑगस्ट १९३६

रा. रा. दाजी यांना कडूबाचा मनापासून रामराम.

पत्र आईला वाचून दाखवलं. खिचडीचं ऐकून तिला वाईट वाटलं, पाइपाचं ऐकून हसू आलं. म्हणाली, "मास्तराला म्हनावं, खडू धर, पटाशी नको." दाजी, रागावू नका, पण जो माणूस पहिल्या संक्रांतीला आला तेव्हा करडईचं शेत पाहून 'फुलं छान आहेत, काटे कुणी लावले?' असं विचारत होता, त्यानं लाकडाच्या नादी लागू नये. शहरात वाढल्यानं माणूस बिलकुल कामातून जातो, हे मी आक्काच्या लग्नातच म्हणालो होतो.

असो. ओली बाभूळ चिरणारच. जुन्या बैलगाडीच्या चाकाचा मधला तुंबा पडलेला आहे, तो बाभळीचाच, पण वीस पावसाळे खाल्लेला. बाजारच्या गाडीबरोबर पाठवतो. आणि आतल्या अंगाला काकवीचा पातळ हात देऊन वरून राख दाबा. आमचे आबा लाकडी चिलमीला तसंच करायचे. थर धरला की लाकूड जळत नाही.

आसरा शहागडला माहेरी आहे. पेरणीच्या दिवसांपासून तिकडेच. तब्येतीचं निमित्त आहे, काळजीचं काही नाही. पेरणी यंदा उशिरा झाली, ज्वारी विरळ उगवली आहे. कारण समक्ष भेटीत सांगीन.

आक्काला पत्र घालाल तेव्हा आईचा आशीर्वाद कळवा. आसराचं काही लिहू नका, तिकडे जिवाला उगीच घोर.

कळावे,
कडूबा


मंठा, २८ ऑगस्ट १९३६

प्रिय कडूबा,

तुंबा परत न्या! गरज उरली नाही. आम्ही पाइप केला. हे पत्र एका हातानं लिहितो आहे, दुसऱ्या हातात काय आहे ते तुम्ही ओळखालच.

झालं असं. परवा पावसानं घर गळायला लागलं, म्हणून माळ्यावरची भांडी हलवली. सगळ्यात आतल्या हंड्यात, जुन्या लुगड्याच्या फडक्यात गच्च बांधलेली एक लाकडी वाटी सापडली. मोठी, जाड बुडाची, काळीभोर. हात लावला तर तेल पाजल्यासारखी गुळगुळीत. बुडाला तिरकी तीन भोकं. कसलं तरी जुनं गाळणं असावं. आक्कांनी कशाला जपून ठेवलं होतं कोण जाणे. बायका फुटके डबेसुद्धा टाकत नाहीत.

कडूबा, मला तर ते लाकूड पाहून हर्षच झाला. नवशिक्याला सगळ्यात अवघड काय असतं? ते भोक! आणि इथं भोक आधीच पाडलेलं, तेही कसं, कुठं न वळलेलं, सफाईदार. मी बूड करवतीनं कापलं, एक भोक मधोमध येईल असा ठोकळा काढला. वरून गिरमिटानं तंबाखूचा खड्डा पाडत गेलो. तो खालच्या भोकाला बराबर जाऊन मिळाला तेव्हा मी घरात एकटाच ओरडलो. मग कानस, मग काचेच्या तुकड्यानं तासणं. काकवी आणि राखही तुमच्या सांगण्याप्रमाणे. नळी बांबूच्या बारीक कांडीची. वाटीच्या काठाला तांब्याची एक पट्टी ठोकलेली होती. ती उचकटून नळी आणि पाइपाच्या सांध्यावर गुंडाळली. साहेबांच्या पाइपाला तिथं चांदीचं कडं होतं, आमच्याला तांब्याचं.

चिरला नाही. जळला नाही. धूर असा थंड येतो की विचारू नका. मच्छिंद्रानं हातात घेऊन फिरवून पाहिला आणि काहीच बोलला नाही. एवढी दाद त्यानं आजवर कुणाला दिली नसेल.

तुम्ही या. तुम्हाला पहिला झुरका देतो.

रामकिसन


वाटूर, ३१ ऑगस्ट १९३६

दाजी,

हे पत्र धर्मराजच्या हाती पाठवतो आहे. तो माझा विश्वासाचा माणूस आहे. त्याला थांबवून घ्या आणि उत्तर त्याच्याच हाती द्या.

दाजी, हे काय करून बसलात? ते गाळणं नाही. ते आमच्या घराचं चाडं आहे. पेरायच्या तिफणीवर मधोमध बांधतात ते. त्यात मुठीनं बी सोडायचं, खाली तीन भोकांतून तीन नळ्यांत उतरतं आणि जमिनीत तीन तासांत, म्हणजे ओळींत, पडतं. तुमचं पत्र वाचताना 'तीन भोकं' इथपर्यंत मी हसत होतो. तांब्याची पट्टी आली आणि मी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. ती पट्टी आबांनी ठोकलेली. काठ चिरला होता म्हणून. मी तेव्हा शेजारी बसलेलो होतो.

आमच्या घरात बैल गडी हाकतो आणि चाड्यावर मूठ बाईची असते. आजीची होती, मग आईची. आक्का लग्नाआधी आईबरोबर पेरायची. पहिल्या पेरणीला चाड्याला हळदकुंकू लावतो, नारळ फोडतो. ते घराबाहेर जाऊ देत नाहीत. घराची बरकत त्याच्याबरोबर जाते असं आमच्याकडे मानतात. तुम्ही त्यात विस्तव घातलात. ज्या भोकातून आजीच्या हातचं बी गेलं, त्यातून तुम्ही धूर ओढलात.

पण मी त्यासाठी लिहीत नाही. आता नीट वाचा.

मृगाच्या पेरणीला चाडं बांधायला गेलो तर जागेवर नाही. सगळं घर, गोठा, कडब्याची गंजी पालथी घातली. आई छाती बडवून म्हणाली, आसरानंच कुठं घालवलं असेल, तिला पेरणीचं काम नकोच होतं. गावानंही तेच धरलं. आसराला विचारलं तर तिनं तोंड वर करून आईबद्दल असं काही सांगितलं की मला ते कागदावर लिहवत नाही. मी तिला गाडीत घालून शहागडला तिच्या बापाच्या दारात सोडून आलो. तब्येत वगैरे सगळं खोटं. मी तुमच्याशी खोटं बोललो.

आता सांगा. ते तुमच्या माळ्यावर कसं आलं? आक्कानं चोरलं का?

कडूबा


मंठा, १ सप्टेंबर १९३६

कडूबा,

धर्मराज ओसरीवर जेवतो आहे आणि मी इथं आत बसून रडतो आहे. खरं सांगतो, लाज सोडून सांगतो.

पाइप समोर आहे. राहिलेली वाटीही समोर आहे, बूड कापलेली. आता ती वाटी दिसत नाही, आता नुसतं चाडंच दिसतं. काठावर आतल्या बाजूला बोटांनी झिजून खळगा पडला आहे. तोही मी काल कानशीनं घासणार होतो, सारखा करायला. देवानंच हात धरला असेल.

मला माहीत नव्हतं. मी शेतात चार दिवससुद्धा काढलेले नाहीत. पण माहीत नव्हतं म्हणून गुन्हा हलका होत नाही, एवढं मी शाळेत पोरांना रोज सांगतो.

आक्का चोरी करणार नाही. तुमच्याकडे अक्षय तृतीयेला येऊन गेली, तेव्हाच ते आलं असणार. त्यावर मी विश्वास ठेवतो, पण चोरीवर नाही. ती या महिन्यात परत येते आहे. तोपर्यंत तिला काही लिहू नका. पत्रात हे विचारायची गोष्ट नाही. मी समोर बसवून विचारतो.

आणि आसराबाईंनी आईंबद्दल काय सांगितलं, ते मला कळवा. माझ्या हातून पाप घडलंच आहे. आता अर्धवट माहितीवर दुसरं नको.

रामकिसन


मंठा, २२ सप्टेंबर १९३६

कडूबा,

तुम्ही उत्तर पाठवलं नाहीत. ठीक आहे. आता गरज नाही. मला कळलं.

आक्का काल आली. तिनं हातपाय धुतले, चहा घेतला, मग मी तिच्यापुढे फडकं उलगडलं. आधी तिला कळेचना. मग तिनं तो पाइप उचलला, फिरवला, भोकातून आरपार पाहिलं आणि खाली बसली. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. बराच वेळ तिनं त्या कापलेल्या काठावर नुसता अंगठा फिरवला.

मी म्हणालो, नंदा, हे तू घरातून न विचारता आणलंस का? तर ती माझ्याकडे वेड्याकडे पाहावं तशी पाहत राहिली. म्हणाली, "आनलं? मला आईनं दिलं. सोताच्या हातानं. निघायच्या दिवशी म्या चाड्यावर हात ठिवून रडले, तर आई म्हनली, ने, तुझीच मूठ हाये ती, दुसरीच्या हाती मला बघवत न्हाई. फडकं आसरानं आनून दिलं. गाठ बी तिनंच मारली."

मग मी तिला सांगितलं की चाडं हरवलं म्हणून आसराबाईंना घराबाहेर काढलं आहे. पेरणीपासून.

कडूबा, आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोचा चेहरा असा झालेला मी कधी पाहिला नाही. "आई गप राह्यली?" एवढंच तीनदा म्हणाली. "आई गप राह्यली?"

तिला खरंच काही माहीत नव्हतं. तुम्ही 'लिहू नका' म्हणालात म्हणून मी आसराबाईंचं अक्षरही तिला कळवलं नव्हतं. आपण दोघा पुरुषांनी मिळून केवढी व्यवस्था केली पाहा.

उद्याच्या गाडीनं ती वाटूरला निघते आहे. दोन्ही तुकडे घेऊन. मला बरोबर येऊ देत नाही.

रामकिसन


वाटूर, १ ऑक्टोबर १९३६

दाजी,

तुमच्या मागच्या प्रश्नाचं उत्तर आता देतो. आसरा जे बोलली आणि जे मला लिहवलं नाही, ते हेच होतं. "आत्याबाईंनीच वन्संला दिलं, म्या गाठ मारली." शब्द न् शब्द हाच. मी तिच्यावर हात उचलला. आईवर आळ घेते म्हणून. अंगणात, शेजाऱ्यांदेखत.

आक्का आली तशी घरात न शिरता दारातच बसली. तुकडे पायरीवर मांडले. आईला हाक मारली. आईनं ते पाहिलं आणि मला वाटलं आता ती म्हणेल, हे काय, कुठून आलं. तसं ती म्हणाली नाही. डोक्यावरचा पदर पुढे ओढून उंबऱ्यावर बसली आणि बोलायला लागली. मी तिच्या तोंडचंच लिहितो:

"म्याच दिलं. पोरगी रडली, म्या दिलं. मंग पेरनीला तू आरडाया लागला, गाव गोळा झालं. मला भेव वाटलं. लोक म्हनतील, म्हातारीनं घराची बरकत लेकीच्या पदरात बांधली. तोंडातून सुनंचं नाव निघून गेलं. वाटलं, चार दिस माहेरी राहील, मंग आनू. तू तर तिला मारून गाडीत घातलं. तवा सांगनार व्हते, जीभच उचलंना."

आक्का तिच्यासमोर बसून राहिली, अन्नाला शिवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे वळून म्हणाली, "आईनं खोटं सांगितलं, त्ये खरं. पर तू इचारलं कितींदा? यकदा. आन् मंग हात उचलला."

दाजी, आजवर मी स्वतःला शहाणा समजत आलो. तुम्हाला ज्वारी-करडईवरून हसत आलो. आता आरशात पाहवत नाही. शहागडला जायचं आहे आणि पाय उचलत नाहीत. काय तोंडानं जाऊ?

कडूबा


मंठा, ६ ऑक्टोबर १९३६

कडूबा,

जसं असेल तसं तोंड घेऊन जा. उशीर करू नका. वाट पाहणाऱ्याचा एक दिवस आपल्या महिन्याएवढा असतो.

तुकडे बरोबर न्या. तुमचे सासरे त्रिंबकराव भल्या मनाचे असले तरी बाप आहेत. नुसत्या शब्दावर पोर पाठवणार नाहीत. त्यांच्यापुढे पुरावा ठेवा. आईंचं नाव लपवू नका. आणि माझंही नाव सांगा, मूर्खपणासकट.

मी तंबाखू सोडली आहे. मच्छिंद्राचं गिरमिट परत केलं.

रामकिसन


वाटूर, २३ ऑक्टोबर १९३६

दाजी,

शहागडहून काल आलो. आक्का आता तिकडे परतली आहे, तिलाही हे पत्र वाचून दाखवा, काही गाळू नका.

सासरे ओसरीवर होते. मी पाया पडलो आणि घोंगडीवर तुकडे मांडून सगळं सांगितलं. त्यांनी पाइप उचलून नळीतून फुंकर मारून पाहिली. मला म्हणाले, "म्हंजी पोर खरंच बोलत व्हती." मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "रानात हाये. तिलाच इचारा. म्या न्हाई पाठवनार, म्या न्हाई आडवनार." आणि आपणही माझ्यामागोमाग निघाले.

त्यांच्याकडे रब्बीची पेरणी चालू होती. तिचा भाऊ बैल हाकत होता आणि चाड्यावर आसरा होती. दाजी, आमच्या घरात तिची मूठ कुणी पाहिलीच नाही, त्याआधीच मी तिला घालवलं. बी असं सारखं सुटत होतं की मी बांधावर सगळं विसरून पाहत राहिलो. तिनं मला पाहिलं, पण तास पुरा होईपर्यंत तिफण थांबवली नाही. मग आली. ओटीत बी तसंच होतं.

मी म्हणालो, चाडं सापडलं. तू खरी होतीस. घरी चल.

ती म्हणाली, "कुनी सांगितलं?"

मी तुमचं सांगितलं. तुमचा पाइप, तांब्याची पट्टी, तुमचं पत्र, आक्काचं येणं, आईचं कबूल करणं. तिनं सगळं शांतपणे ऐकलं. मला वाटलं, निवळली. मी तिच्या ओटीकडे हात पुढे केला, बी धरायला, म्हणजे तिला निघता येईल.

ती एक पाऊल मागं सरली.

"म्या सांगितल्तं तवा न्हाई पटलं," ती म्हणाली. "आता लाकडानं सांगितलं तर पटलं. दाजींना तंबाखूचा नाद लागला नसता, तर म्या जलमभर लबाडच राह्यले असते ना?"



माझ्या उत्तराची तिनं खरंच वाट पाहिली, दाजी. तिला राग असता तर ती लगेच वळली असती. ती थांबली होती. माझ्या तोंडाकडे पाहत उभी होती, मी काहीतरी बोलावं म्हणून. मी बोललो नाही. मग तिनं पदर खोचला, तिफणीमागं जाऊन मूठ भरली आणि भावाला म्हणाली, "हाक."

मी रिकामा परत आलो. पुन्हा जाणार आहे. पण उत्तर घेतल्याशिवाय जाता येणार नाही, एवढं मला कळलं आहे. तुम्ही शिकलेले आहात. तुम्हाला सुचलं तर जल्दी लिहा. मला अजून सुचलेलं नाही.

कडूबा